शॉवरच्या फरशीखालचा माल कसा कालवला

जागा 4 बाय 4 फूट, नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीचं तोंड) कोपऱ्यात. ट्रॅपच्या तोंडाशी मालाची, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची, जाडी 25 मिमी धरली आणि दोन्ही भिंतींच्या दिशेने 4 फुटांत 15 मिमी चढ दिला. म्हणजे समोरच्या कोपऱ्यात 55 आणि सरासरी 40 मिमी. ट्रॅप कोपऱ्यात असल्याचा फायदा हा की ढाळ एकाच सपाटीचा येतो, फरशी कर्णावर कापावी लागत नाही. भिंतीच्या खालच्या ओळीतल्या टाइल्स मात्र ढाळाप्रमाणे तिरप्या कापाव्या लागतात, म्हणून ती ओळ मी शेवटीच लावतो.

एवढ्या जागेला दाबून बसलेला माल साधारण 60 लिटर लागतो. दाबल्यावर माल बसतो, म्हणून सुटा 75 लिटर घेतला: 15 लिटरच्या बादलीने 1 बादली सिमेंट (साधारण 21-22 किलो) आणि 4 बादल्या वाळू. घमेल्याने अंदाजपंचे मोजू नये, कारण बिगारी सिमेंटचं घमेलं सपाट भरतो आणि वाळूचं शिगोशीग. वाळू दमट असेल तर ती फुगलेली असते. तेव्हा प्रत्येक बादलीमागे पाव बादली जास्त घ्यावी. प्लास्टरची बारीक क्रश सँड इथे चालत नाही. तिच्यात भुकटी फार, पाणी जास्त पिते आणि वाळताना आकसून तडे जातात. मी जाड वाळू घेतली आणि 4.75 मिमीच्या चाळणीतून काढली.

सिमेंट-वाळू कोरडीच तीनदा उलटसुलट केली, रंग एकसारखा होईपर्यंत. मग मध्ये आळं केलं. पाण्यात वॉटरप्रूफिंग लिक्विड मिसळलं: पोत्याला 200 मिली या हिशेबाने इथे सुमारे 90 मिली. पाणी एकदम ओतलं नाही, शिंपडत गेलो. वाळू कोरडी असेल तर 7-8 लिटर लागतं, दमट असेल तर 4-5 लिटरांतच भागतं.

सगळी मेख इथे आहे. माल मुठीत दाबला की गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी येता कामा नये. गोळा मोडला की दोन-तीन तुकडे व्हावेत, भुगा नव्हे. गवंड्याला पातळ माल आवडतो, पसरायला सोपा जातो ना! पण पातळ माल ट्रॅपकडे सरकतो, ढाळ मोडतो आणि सिमेंट वर तरंगून खाली नुसती वाळू राहते. तीच जागा पुढे पोकळ वाजते.

वॉटरप्रूफिंगचा थर आधीच देऊन, ट्रॅप बंद करून 48 तास पाणी साठवून तपासला होता. शेवटच्या हातावर ओला असतानाच वाळू भुरभुरली होती, नाहीतर गुळगुळीत थराला माल धरत नाही. त्यावर सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) फिरवली आणि ती वाळायच्या आत माल टाकला. ट्रॅपपाशी आणि तिन्ही कोपऱ्यांत मालाचे गोळे ठेवून लेव्हल बांधली, मधला माल रंध्याने ठोकून दाबला आणि ॲल्युमिनियमची पट्टी ओढली. उन्हाळ्यात कालवल्यापासून 45 मिनिटांत काम उरकावं. आखडलेल्या मालात पुन्हा पाणी घालून कालवतात, तो माल सरळ फेकावा.

दुसऱ्या दिवसापासून ओलं गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारलं. मग एक तांब्या पाणी ओतून पाहिलं. कुठे थांबलं तर ती खळगी याच वेळी भरता येते, फरशी लागल्यावर नाही.

फरशी व्हिट्रिफाइड असेल तर ती सिमेंटच्या स्लरीवर बसवू नये. ती पाणी शोषत नाही, त्यामुळे पकड येत नाही. टाइल ॲडेसिव्ह घ्यावं, पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच. कालवून पाच मिनिटं ठेवावं, पुन्हा ढवळावं, मग 6 मिमी दात्यांच्या थापीने पसरावं. फटी 2-3 मिमीच्या ठेवाव्यात. ट्रॅपची जाळी फरशीपेक्षा 2 मिमी खाली बसवली, कारण कड किंचित वर राहिली तरी तिच्याभोवती साबणाचं पाणी साचतं.