पाळणाघरांची यादी कुणाकडे आहे?

आमच्या भागात पाळणाघरं पुरेशी आहेत का, एवढंच शोधायचं होतं. कल्याणच्या पुढचा भाग, बहुतेक घरांत दोघंही नोकरीला. सोसायटीतल्या आम्ही काही आईबापांनी ठरवलं, आकडे काढू आणि महापालिकेकडे लेखी मागणी करू. घरांची माहिती पटकन जमली. ग्रुपवर फॉर्म फिरवला, लोकांनी भरला.

मग पाळणाघरांची यादी मागायला गेलो आणि तिथेच अडकलो.

महिला व बालकल्याण विभाग : "आम्ही शिलाई मशीन देतो, पाळणाघरं आमच्याकडे येत नाहीत. अंगणवाडीवाल्यांना विचारा." अंगणवाडी प्रकल्पाचं कार्यालय : "खासगीशी आमचा संबंध नाही." शिक्षण विभाग : "आमचं शाळेपासून पुढे." दुकानं-आस्थापनांच्या टेबलावर कळलं की नोंदणी आता ऑनलाइन असते आणि घरातल्या दोन खोल्यांत मुलं सांभाळणाऱ्या काकू तिथे सापडणं कठीण. प्रत्येक ठिकाणी कागद बघण्याआधी एक प्रश्न ठरलेला, "मिसेस नाही आल्या?" मिसेस ऑफिसात होत्या, म्हणून तर मी रजा टाकून आलो होतो!

२०१६ साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, सीसीटीव्हीत दिसली, राज्यभर गदारोळ झाला. त्यानंतर निदान नाव-पत्त्यांची एक वही तरी कुठेतरी असेल, अशी माझी भाबडी समजूत.

शेवटी माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत, हा आपल्या राज्यातला नियम. अर्ज चुकीच्या विभागात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, असं कलम 6(3) सांगतं. माझा अर्ज एका विभागाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून परत पहिल्याकडेच आला. फुटबॉलसुद्धा कधीतरी गोलात जातो. तीस दिवस उलटल्यावर 20 रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत साहेबांनी दोन्ही टेबलांकडे पाहिलं, दोन्ही टेबलांनी एकमेकांकडे. नंतर पत्र आलं : "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही."

बायको म्हणाली, एवढं करून हातात काय, तर 'नाही'. पण हे सही-शिक्क्याचं 'नाही' आहे. तुम्हीही ते घ्याच. नाहीतर मागणीच्या अर्जावर "आधी विभागाकडून आकडेवारी आणा" असा शेरा पडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या टेबलावर.

यादी आम्हीच केली. रविवारी फिरून, भाजीवाल्या मावशींना, केमिस्टला, बालवाडीच्या ताईंना विचारून. त्यात आम्ही आधी मुलांसाठीच्या जागा मोजत होतो आणि त्या बऱ्याच निघाल्या. वेळा लिहायला लागलो तेव्हा खरं चित्र दिसलं. बहुतेक ठिकाणी दीड-दोन वर्षांच्या पुढचं मूल, तेही चालणारं, शक्यतो शी-शू सांगणारं. वेळ नऊ ते सात. आमच्या फॉर्ममधल्या लोकांची सकाळची लोकल सातच्या आतली आणि परत यायला साडेआठ. बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची, म्हणजे सहा महिन्यांत संपते. मधलं वर्षभर बाळ कुठे ठेवायचं? फॉर्ममध्ये या वयाच्या मुलांपुढे 'कोण सांभाळतं' या रकान्यात एकच शब्द सारखा येत होता, आजी. एका आजींनी तर गावचं घर बंद करून ठेवलंय.

तुम्ही असा तक्ता केलात तर वयाचे आणि वेळेचे रकाने वेगळे ठेवा. 'मुलांची संख्या' हा एकच रकाना ठेवलात तर सगळं आलबेल दिसेल.

कुणीतरी म्हणेलच की कायद्याने कंपनीने पाळणाघर द्यायचं असतं. हो, मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर द्यायचं असतं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. बायकोच्या ऑफिसने सोयही केली आहे. फोर्टात! आता सकाळच्या लोकलला, लेडीज डब्याच्या दारात, सात महिन्यांचं बाळ घेऊन कुणी चढून दाखवावं.

केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं, म्हणून आमचा अर्ज त्यासाठी आहे. वेळ मात्र साडेसात तास धरलेली. इथल्या माणसाचा घराबाहेरचा वेळ तेरा-चौदा तासांचा. अर्जात आम्ही वेळ वाढवून मागितली आहे, तक्ता आणि ते 'आढळून येत नाही'चं पत्र जोडलं आहे. आवक क्रमांक मिळालाय, पुढचं अजून काही नाही.

हां, यादी करताना पाळणाघरं बघायला जाल तर सकाळी जाऊ नका, सकाळी सगळीकडे छानच असतं. दुपारी दीड-दोनला जा, मुलं झोपायच्या वेळी. किती मुलांमागे किती बायका आहेत ते तेव्हाच दिसतं. आणि 'सातपर्यंत' म्हणजे काय, गाडी लेट झाली तर बाळ कुणापाशी थांबणार, दर अर्ध्या तासाचे जादा पैसे किती, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्या.