वाघाच्या विष्ठेतून ताण मोजताना

विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यात वाघाच्या विष्ठेचा पहिला नमुना उचलला, तेव्हा सोबतच्या वनमजूर भाऊंनी विचारलं, "कायले जमा करता जी हे, मॅडम?" मी म्हटलं, वाघावर किती ताण आहे ते यातून कळतं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मंग काल त्याले कोनी तरास देल्ला, हे बी समजते का?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला अडीच वर्षं लागली.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हॉर्मोन) सोडतात. रक्तातून ते मोजायचं तर वाघाला डार्ट मारून बेशुद्ध करावं लागतं, आणि त्या धांदलीतच ते वाढतं. म्हणून विष्ठा. कॉर्टिसॉल यकृतात मोडतं आणि त्याचे तुकडे पित्तावाटे आतड्यात उतरतात. पाळीव मांजरांना किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिसॉल टोचून त्याचा माग काढणारा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८० टक्क्यांहून जास्त भाग विष्ठेतून बाहेर पडल्याचं दिसलं, तेही साधारण एका दिवसाने. म्हणजे भाऊंनी विचारलेला 'काल' अगदी नेमका होता. विष्ठेतला आकडा वाघाची आत्ताची अवस्था सांगत नाही, आदल्या दिवसाची सांगतो.

या कामाकडे मी वळले ती हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या, संकटग्रस्त प्रजातींवर काम करणाऱ्या लॅकोन्स प्रयोगशाळेतल्या संशोधकांमुळे. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेत त्यांना पर्यटनाच्या हंगामात ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष जास्त आढळले होते, आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला होता. ते वाचून मला वाटलं होतं की विष्ठा गोळा करायची, संप्रेरक मोजायचं तयार किट आणायचं, मोजायचं. इतकंच काम आहे.

परवानगीत सात महिने गेले. अभयारण्यातून संशोधनासाठी काहीही उचलायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची मंजुरी लागते, आणि ते योग्यच आहे. वेळापत्रक आखताना हे महिने आधीच धरावेत, एवढंच सांगते.

जंगलात खरा प्रश्न ताजेपणाचा. ताज्या विष्ठेवर चकचकीत श्लेष्मा असतो, वास उग्र असतो, माश्या घोंगावतात. पण मे महिन्यात विदर्भातलं ऊन अर्ध्या दिवसात सगळं कोरडं करतं आणि डोळा फसतो. मग भाऊंनीच मार्ग सुचवला. संध्याकाळी ठरलेल्या वाटेवरची सगळी जुनी विष्ठा बाजूला सारायची आणि पहाटे पुन्हा तीच वाट चालायची. जे नवं दिसेल ते रात्रीचंच. वाघाची की बिबट्याची, हे आकारावरून ठरवायला मी कधीच धजले नाही. बाहेरच्या थरावर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यातून डीएनए काढून प्रजाती, लिंग आणि जमलं तर तो प्राणी कोणता, हे ठरवलं. संप्रेरकासाठी मात्र आतला भाग नीट कालवून घ्यावा लागतो, कारण एकाच विष्ठेच्या दोन टोकांना वेगळे आकडे येऊ शकतात.

माझी मोठी चूक पहिल्याच हंगामात झाली. कॅम्पवर फ्रीझर नव्हता, म्हणून नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले आणि ते चार महिने साध्या खोलीत पडून राहिले. दुसऱ्या हंगामात बर्फाची पेटी मिळाली आणि नमुने त्याच दिवशी उणे २० अंशांवर गेले. मोजणी झाली तेव्हा पहिल्या हंगामाचे आकडे सरसकट वर होते. वाघांवर त्या वर्षी जास्त ताण होता, असं वाक्य मी प्रबंधात लिहूनही टाकलं. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "दोन्ही वर्षी साठवण सारखी होती का?"

नव्हती. साध्या तापमानाला नुसत्या अल्कोहोलमधले हे अवशेष स्थिर राहतातच असं नाही. रेणू बदलत राहतात. किटमध्ये हे तुकडे पकडणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) असतं, आणि बदललेला तुकडा त्याच्या पकडीत जास्त चांगला बसला तर आकडा उगाच चढतो. ४१ नमुने बाद केले. त्यातल्या प्रत्येकाची पहाट मला आठवत होती. त्या रात्री मी जेवले नाही.

जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. एका प्राणिसंग्रहालयातल्या वाघाची सकाळची विष्ठा घेतली, कालवली, तिचे छोटे वाटे केले. काही लगेच गोठवले, काही उन्हात ठेवले, काही सावलीत, काहींवर रोज पाणी शिंपडलं. सावलीतले दोन दिवस बऱ्यापैकी टिकले. पाणी शिंपडलेल्यांचे आकडे दुसऱ्याच दिवसापासून भरकटले. पावसात भिजलेला नमुना घ्यायचा नाही, हे तेव्हा ठरलं.

प्रतिपिंडानेही असंच शिकवलं. मांजरकुळाच्या विष्ठेत मूळ कॉर्टिसॉल जवळपास उरतच नाही, उरतात ते त्याचे तुकडे. महागडं कॉर्टिसॉल किट आणलं. विष्ठेचा अर्क दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत गेलं की येणारी रेघ प्रमाण द्रावणाच्या, म्हणजे संप्रेरक किती आहे ते माहीत असलेल्या द्रावणाच्या, रेघेला समांतर जायला हवी; तरच किटचा आकडा भरवशाचा. आमची गेली नाही. कॉर्टिकोस्टेरॉनच्या प्रतिपिंडाने मात्र गेली. वाघाचं मुख्य संप्रेरक ते नव्हे, पण त्या प्रतिपिंडाची पकड सैल आहे, म्हणून तुकडे सापडतात. तरीही हा आकडा ताणच दाखवतो याचा पुरावा हवा होता. एरवी एसीटीएच, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावणारं संप्रेरक, टोचून पाहतात. आमच्याकडे एका वाघाला उपचारासाठी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायचंच होतं, तेव्हा त्याच्या आधीचे आणि नंतरचे रोजचे नमुने घेतले. हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा चढला आणि काही दिवसांत उतरला. ती रेघ पडद्यावर पाहिली तेव्हा या कामावर माझा पहिल्यांदा खरा विश्वास बसला.

पुढचं काम हाताच्या सवयीचं. विष्ठा फ्रीझ-ड्रायरमध्ये वाळवायची, खलबत्त्यात कुटायची, चाळून सांबर-चितळाचे केस आणि हाडांचे कण काढायचे. ०.२ ग्रॅम भुकटी ८० टक्के मिथेनॉलमध्ये घुसळायची आणि वरचा नितळ अर्क घ्यायचा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये नमुन्यातले तुकडे आणि एन्झाइम जोडलेलं संप्रेरक यांची प्रतिपिंडावरच्या जागेसाठी चुरस लागते. रंग एन्झाइममुळे येतो, म्हणून तुकडे जास्त तितका रंग फिका. निळा रंग आम्ल टाकताच पिवळा होतो, तो ४५० नॅनोमीटरला मोजायचा. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत, आणि दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त तफावत आली तर पुन्हा.

वर्तमानपत्रात अमुक वाघ तणावाखाली असं वाचलं की आता मला काळजी वाटते. आकडा चढतो तो गाड्यांमुळे, तसाच झुंजीमुळे, समागमामुळे, गाभणपणातही. एका विष्ठेवरून वाघाबद्दल असं विधान करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या महिन्यात आलेख घेऊन भाऊंकडे गेले. एकाच वाघिणीचे, डीएनएने ओळखलेले नऊ नमुने. एप्रिलमधला एक ठिपका बाकीच्यांच्या बराच वर होता. त्यांनी तारीख विचारली, मग बोटांवर दिवस मोजले. "मोहफुलाचे दिवस. दोन रात्री लय गुरगुर चालू होती तिकडे. दुसरा वाघ आला होता जी."

हा पुरावा नाही, हे मला माहीत आहे. तरी त्यांचे शब्द मी तारखेसकट लिहून घेतले. या हंगामापासून नमुन्याच्या वहीत ताजेपणा आणि ठिकाणाच्या शेजारी आणखी एक रकाना आहे, आणि तो रोज संध्याकाळी भाऊ सांगतील तसा भरते.