सुबाथू ते कसौली: हिमालयाच्या पायथ्याशी खडकांचं वय शोधताना

पर्वत उंचावू लागला की त्याच्या भाराने शेजारचं भूकवच वाकतं आणि त्या खोलगटात डोंगराचीच झीज साचत जाते. हे फोरलँड बेसिन. हिमालयाच्या अशा बेसिनचे सर्वांत जुने थर हिमाचलच्या सोलन जिल्ह्यात उघडे पडले आहेत. सुबाथू, डगशाई, कसौली ही त्यांची नावं १८६४ पासून, भूशास्त्रज्ञ मेडलिकॉटच्या सर्वेक्षणापासून रुळली. तेच बघायला आम्ही गेलो होतो.

सुरुवात सुबाथूपासून करा. हिरवट शेल (चिखलाचा पापुद्रेदार खडक) हातात घेताच चुरतो, पण मधले चुनखडीचे थर टणक आहेत. त्यांत शिंपले आणि न्युम्युलाइट, म्हणजे नाण्यासारखे चपटे एकपेशीय सागरी जीवाश्म, दिसतात. दगड ओला करून भिंग लावलं की न्युम्युलाइटच्या चकतीतले गोल गोल फिरत गेलेले कप्पे स्पष्ट मोजता येतात. इथे उथळ समुद्र होता, आणि याच जीवाश्मांमुळे या थरांचं वय पक्कं आहे: वरचा भाग मध्य इओसीनचा, म्हणजे चार-सव्वाचार कोटी वर्षांपूर्वीचा.

खरी मेख पुढे आहे. सुबाथूच्या माथ्यावर पांढरा वालुकाश्म येतो आणि मग डगशाईचे लाल, नदीने आणलेले थर. यांत वय सांगणारे जीवाश्म जवळजवळ नाहीत, म्हणून वाळूच्या कणांनाच विचारावं लागतं. पांढऱ्या वालुकाश्मातल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या फिशन-ट्रॅक वयांवरून (युरेनियमच्या विघटनाने कणात उमटलेले ओरखडे मोजून, कण थंड झाल्याला किती काळ लोटला ते कळतं) तो ३ कोटी १० लाख वर्षांपेक्षा तरुण ठरतो. म्हणजे मध्ये कोटभर वर्षांची पोकळी! काही भूशास्त्रज्ञांना ती मान्य नाही, थर सलग आहेत असं ते म्हणतात. मला कणांचा पुरावा जास्त पटतो, कारण कण आधी डोंगरात थंड होतो, मग झिजून इथे येतो. थर कणापेक्षा जुना असूच शकत नाही. मात्र ही फक्त वयाची वरची मर्यादा. थर त्याहून कितीही तरुण असू शकतो. शिवाय खोल गाडला जाऊन तापला असेल तर कणाचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, तेही तपासावं लागतं.

सुबाथू आणि त्यावरचे थर जिथे भेटतात त्या संपर्करेषेपाशी निवांत वेळ काढा. बाकीचं धावतं पाहिलं तरी चालेल. कसौलीचा राखाडी वालुकाश्म उन्हात तिरका धरा, अभ्रकाचे पापुद्रे चमकतात. त्यांतल्या आर्गॉन वायूवरून काढलेल्या वयांत सर्वांत तरुण आकडे सुमारे २ कोटी २० लाख वर्षांचे मिळाले आहेत.

जाणाऱ्यांसाठी: पावसाळा टाळा, कारण महामार्गाच्या नव्या कापांवरून दरडी कोसळतात. वाहतुकीच्या रस्त्यापेक्षा आतल्या वाटा आणि नाले बरे. तिन्ही गावं लष्करी छावण्यांची आहेत, त्यामुळे फोटो आणि हातोडा दोन्ही काढण्याआधी परवानगी विचारा. थ्रस्टमुळे, म्हणजे खडकांचा एक पट्टा दुसऱ्यावर ढकलला गेल्याने, थर दुमडले आहेत, कुठे पुन्हा पुन्हा येतात, कुठे पार उलटे झाले आहेत. वर दिसतो तो तरुण असं धरू नका, तरंगचिन्हं पाहून थराची खरी वरची बाजू आधी ठरवा. नमुना घ्यायचा तर मध्यम कणांचा, न कुजलेला वालुकाश्म चार-पाच किलो तरी घ्या; लाल चिखलाच्या दगडात कामाचे झिरकॉन फारसे मिळत नाहीत. आणि पिशवीवर जागेइतकीच ठळकपणे थराची वरची दिशा आणि संपर्करेषेपासूनचं अंतर लिहा. प्रयोगशाळेतून आलेल्या वयाचा अर्थ त्यावरच लावायचा असतो.