‘एलिमेंटल’ची दुपार

आज घरात कोणी नसल्यामुळे लोरीना मॅकेनिट यांचा ‘एलिमेंटल’ हा पहिला अल्बम, मध्ये मोबाइलला हात न लावता, सलग ऐकला. कॅनडातील मॅनिटोबात जन्मलेल्या या गायिकेने १९८५ च्या जुलैमध्ये दक्षिण ऑन्टॅरिओतील एका शेतावरच्या कोठारात, अवघ्या आठवडाभरात, याचे ध्वनिमुद्रण केले आणि मोठ्या कंपनीची वाट न पाहता ‘क्विनलन रोड’ ही स्वतःची कंपनी काढून तो प्रसिद्ध केला. टोरांटोच्या सेंट लॉरेन्स मार्केटपाशी त्या रस्त्यावर हार्प हे उभे तंतुवाद्य वाजवत आणि गात असत, हे ठाऊक असल्यामुळे असेल, पण या आवाजात सभागृहापेक्षा बाजारातली मोकळी हवाच मला अधिक जाणवते.

गाणी बहुतेक आयर्लंडच्या आणि आसपासच्या लोकपरंपरेतली. हार्पची तार छेडल्यावर तिचा नाद आपोआप विरत जातो, तो ओढून लांबवता येत नाही. त्यामुळे दोन सुरांमधली जागा गळ्यालाच भरावी लागते, आणि ती त्या किती निवांतपणे भरतात! आयरिश कवी येट्स यांच्या ‘स्टोलन चाइल्ड’ या कवितेला त्यांनी स्वतः चाल दिली आहे. पऱ्यांबरोबर निघालेल्या मुलाला चुलीवरच्या किटलीचा आवाज आता पुन्हा ऐकू येणार नाही, ही ओळ आली तेव्हा माझा चहा उतू गेला होता. शेवटी इंग्रज कवी ब्लेकच्या ओळी भारदस्त नाटकी आवाजात म्हटल्या आहेत, तो भाग मात्र मला अजिबात रुचला नाही.