पेंटाचा दुसरा डोस

आज लसीकरणाच्या सत्राला ती बाळाला घेऊन आलीच नाही. आशाताई निरोप घेऊन आली, बाळाला पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकाच लसीचा, दुसरा डोस कराडला खाजगीत दिला म्हणे, तिथं न दुखणारी सुई मिळते, "सिस्टरांना सांगा, वाईट वाटून घेऊ नका." वाटलंच मला वाईट. दुपारभर वाटत राहिलं.

लस कुठं का घेईना, बाळाला मिळाली ना, मग झालं, एवढं मलाही कळतं. पण गरोदरपणात हिचं हिमोग्लोबिन ८.४ होतं, लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून गोळ्या डब्यात तशाच ठेवायची, तेव्हा वाडीवर जाता-येता थांबून समोर गोळी घ्यायला लावायचे, चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे म्हणायचे. कळा सुरू झाल्या तेव्हा १०२ ला फोन मी केला, घाट उतरेपर्यंत गाडीत तिचा हात धरून मीच बसले होते. आणि आता माझी सुई दुखते?

पहिल्या डोसनंतर ताप आला होता हे खरंय. आमच्या पेंटात डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो म्हणून ताप जरा जास्त येतो, खाजगीतल्या महागड्या लसीत त्याचे निवडक भागच असतात. पण आमच्या लसीचं संरक्षण जास्त टिकतं. हे सगळं तिला सांगितलं होतं, पॅरासिटामॉल दिलं होतं. तरी रात्री दोनला रडणारं पोर मांडीवर, शेजारी सासू बोलतीय, तेव्हा माझं बोलणं कुठं आठवणार.

माझा दोन वर्षांचा एएनएमचा नर्सिंग कोर्स, अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर, आमच्या जाऊबाई जीएनएम, म्हणजे वरच्या कोर्सच्या नर्स आहेत पुण्यात, त्यांना कुणी असं... जाऊ दे, ते आज नको.

लागलं ते एवढंच की स्वतः येऊन बोलली नाही. मी काय ओरडले असते? संध्याकाळी रजिस्टर भरताना वाटलं, माझं काहीच वाटत नसतं तर निरोप तरी कशाला पाठवला असता, गप जाऊन आली असती. तिलाही जड गेलं असणार.

उद्या जाते. कार्डावर नोंद करायचीय, जुलाबावरच्या रोटा लसीचे थेंब दिले का विचारायचंय. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीचा फोड फुटला असेल तर त्यावर काही लावू नका म्हणून सांगायला हवं, सासूबाई हळद लावतील नाहीतर. आणि तिसरा डोस साडेतीन महिन्यांना, कराडला घे नाहीतर माझ्याकडे, पण चुकवू नको.