कावळ्याच्या देवळात

होश्शिनमोन-ओजी या वाटेवरच्या छोट्या देवळापासून कुमानो होंगू ताइशा हे मोठं देऊळ जेमतेम सात किलोमीटर. आळंदी-पंढरपूर चाललेल्या पायांना ते काहीच नाही. पण मला हाच टप्पा चालायचा होता, वाटेतल्या फुशिओगामीसाठी.

जपानच्या किई डोंगरातली ही वाट हजार वर्षांहून जुनी. एके काळी राजघराण्यापासून गोरगरिबांपर्यंत इतकी माणसं इथं लोटायची, की त्याला ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’ म्हणत. मी गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबलेला. सरळसोट झाडांखालचे दगड शेवाळलेले, पाऊल जपून टाकावं लागत होतं. मध्येच चहाचे छोटे मळे, एखादं घर, पुन्हा रान.

फुशिओगामी म्हणजे लोटांगण घालून नमस्कार. देवाचं ठिकाण पहिल्यांदा इथून नजरेस पडायचं, म्हणून यात्रेकरू इथंच जमिनीवर आडवे होत. आपण वेळापूरच्या धाव्याला पळत सुटतो, तसंच.

इथली दंतकथा इझुमी शिकिबूची. हजार वर्षांपूर्वीची मोठी कवयित्री. एवढं चालून ती इथवर आली आणि पाळी आली. आता देवळात जाता येणार नाही, म्हणून तिनं दुःखानं कविता केली. रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला, मी तर मुळात धुळीत मिसळून राहणारा, मला तुझ्या पाळीची कसली अडचण? ये.

मी तिथल्या दगडावर बसले आणि रडले. एकोणीस वर्षांची असताना वाखरीला माझंही असंच झालं होतं. दिंडीतल्या मावशी मायेनंच म्हणाल्या होत्या, “कावळा शिवला ना गं, आता कळसाचंच दर्शन घे.” अठरा दिवस चालून मी वाळवंटात सामान राखत बसले होते.

आणि कुमानोच्या देवाचा दूत कोण? कावळा. तीन पायांचा, यातागारासू. सम्राट जिम्मूला या डोंगरांतून वाट दाखवणारा. होंगूत तो पताकांवर आहे, ताईतांवर आहे.

उतरून हाराएदो-ओजी लागलं. शुद्ध होऊन पुढं जायची ही जागा. त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता. मी हात धुतले, चूळ भरली आणि आत गेले. सालींनी शाकारलेल्या जाड छपरांसमोर दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. तोंडातून मात्र ‘पांडुरंगा’च आलं.

आवारात एक काळी टपालपेटी आहे, तिच्यावर कावळा बसलेला. तिच्यात आईच्या नावानं कार्ड टाकलं: ‘कावळ्याच्या देवळात आले होते. आत जाऊन दर्शन घेतलं.’