खोक्यातल्या हवेचे वजन

माझ्या घरापासून उत्तरेला, गाडीने दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या एका मित्राने मला पुस्तकांचे पार्सल पाठवले. ट्रॅकिंगच्या पानावर त्याचा प्रवास मी, खरे सांगायचे तर गरजेपेक्षा जास्त वेळा, पाहिला. मित्राच्या गावातून ते संध्याकाळी निघाले आणि माझ्याकडे यायचे सोडून आणखी चार तास उत्तरेला गेले. तिथल्या मोठ्या केंद्रात मध्यरात्रीनंतर एकदा आणि पहाटेपूर्वी दुसऱ्यांदा स्कॅन झाले, मग दक्षिणेकडे वळून, ज्या गावातून निघाले होते त्याच गावाच्या वेशीवरून पुढे येत, दुपारी माझ्या दारात पोहोचले. दोन तासांच्या अंतरासाठी दहा तासांची वाट त्याने चालली होती.

त्याच आठवड्यात मी बहिणीला दिव्याची एक कागदी शेड पाठवायला गेलो. शेडचे वजन खोक्यासकट नऊशे ग्रॅम भरले. काउंटरवरच्या माणसाने काट्याकडे फारसे लक्षच दिले नाही. त्याने टेप काढला, खोक्याच्या तिन्ही बाजू मोजल्या, तीन वेळा चाळीस हा आकडा भरला आणि पडद्यावर १२.८ किलो असे वजन उमटले. मित्राने पाठवलेली नऊ किलोची पुस्तके या नऊशे ग्रॅमच्या शेडपेक्षा स्वस्तात आली होती. आधी मला यात लबाडी दिसली. नंतर थोडे वाचले, थोडे विचारले, कागदावर हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की यात तर्क आहे, आणि तो बऱ्यापैकी पक्काही आहे. फक्त तो पार्सलच्या बाजूने मांडलेला नाही, गाडीच्या बाजूने मांडलेला आहे. आपण पार्सलकडे प्रवासी म्हणून पाहतो, आणि वाहतूक करणारा त्याच्याकडे भरायच्या जागेचा एक तुकडा म्हणून पाहतो. दोघांमधले बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

त्या १२.८ किलोचे गणित साधे आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, त्यांचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचे. जो आकडा येईल ते व्हॉल्युमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर दर लागतो. चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस म्हणजे ६४,०००. भागिले ५०००, १२.८. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर पाच लिटर जागा म्हणजे एक किलो असे धरून चालायचे. पुस्तकांचे खोके ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरचे होते. त्याचे जागेचे वजन जेमतेम तीन किलो येते, म्हणून तिथे काट्यावरच्या नऊ किलोंनाच दर लागला. कोणतीही गाडी किंवा विमान दोन प्रकारांनी भरते, एक तर वजनाने किंवा जागेने. फक्त वजनावर पैसे घेतले तर कागदी शेडी, उशा आणि रिकामे डबे पाठवणारे लोक पूर्ण गाडी अडवून नाममात्र पैसे देतील, आणि गाडीचा खर्च पुस्तके पाठवणाऱ्यांच्या डोक्यावर बसेल. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार त्या ५००० या आकड्याबद्दल आहे. विमानाने जाणाऱ्या सर्वसाधारण मालासाठी ६००० हा भाजक बराच काळ रूढ आहे, तर एक्सप्रेस कुरियर कंपन्या बहुधा ५००० वापरतात. माझ्या शेडला ६००० ने भागले असते तर वजन १०.७ किलोच्या आत राहिले असते. म्हणजे भाजक ६००० चा ५००० झाला की शेड तीच, खोके तेच, हवा तीच, आणि वजन मात्र वीस टक्क्यांनी वाढते. निसर्गात असा कोणताही नियम नाही. तो दरवाढीचाच एक प्रकार आहे, फक्त दरपत्रकावर दिसत नाही. अमेरिकेतल्या फेडेक्स आणि यूपीएस या दोन मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर २०१४ ची अखेर ते जानेवारी २०१५ ची सुरुवात या काळात जमिनीवरून जाणाऱ्या सर्व पार्सलांना हा हिशेब लागू केला. त्याआधी तीन घनफुटांपेक्षा, म्हणजे साधारण ८५ लिटरपेक्षा, लहान खोकी त्यातून सुटत असत. माझी चौसष्ट लिटरची शेड तिथे, तेव्हा, नऊशे ग्रॅमच्याच हिशेबाने गेली असती. या नियमाचा एक चांगला परिणाम असा की लहान वस्तूभोवती मोठे खोके आणि त्यात बबल रॅपचे ढीग भरण्याची सवय महाग पडू लागली.

आता अंतराकडे येतो, कारण खरे कोडे तिथे आहे. लांब पाठवायचे तर जास्त पैसे लागणार, हे आपण गृहीतच धरतो. हे गृहीतक १८३७ मध्येच टपालसुधारक रोलंड हिल यांनी ब्रिटनमध्ये मोडून काढले होते. त्या काळी पत्राचे शुल्क अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. हिल यांनी हिशेब मांडून दाखवले की लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा निव्वळ खर्च एका पेनीचा सुमारे छत्तिसावा भाग इतकाच आहे. बाकीचा खर्च स्वीकारणे, अंतराची नोंद करणे, वाटणे आणि दारोदार पैसे गोळा करणे यांचा होता. अंतर मोजण्याचा खटाटोपच अंतरापेक्षा महाग पडत होता. १८४० मध्ये देशभर एकच दर आणि आगाऊ पैसे ही पद्धत सुरू झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पहिले चिकटवायचे तिकीट निघाले. पार्सल पत्राइतके हलके नसते, त्यामुळे अंतराचा वाटा त्यात जरा मोठा असतो. तरी मूळ गोष्ट बदलत नाही. हजार पार्सलांनी भरलेली गाडी शंभर किलोमीटर जास्त गेली तर त्या खर्चाचा हजारावा भाग माझ्या वाट्याला येतो. ती गाडी एकट्या माझ्या घरासमोर थांबली तर तो थांबा मात्र पूर्णपणे माझा.

माझी पुस्तके उलट दिशेने का गेली, याचे उत्तरही यातच आहे. समजा पंचवीस गावे आहेत आणि प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला थेट गाडी सोडायची आहे. तर तीनशे जोड्या होतात, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्या रोज जवळजवळ रिकाम्या धावतील. त्याऐवजी एका गावाला हब केले आणि सगळा माल आधी तिथे आणला तर चोवीस मार्गांत काम भागते आणि प्रत्येक गाडी भरून जाते. गावे शंभर झाली तर फरक ४,९५० आणि ९९ असा होतो. फेडेक्सने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री हाच प्रकार विमानांनी करून दाखवला. मेम्फिस हे हब धरून चौदा लहान विमानांनी अमेरिकेतल्या पंचवीस शहरांसाठी १८६ पार्सले नेली. शेजारच्या दोन शहरांमधले पाकीटही आधी मेम्फिसला जाणार आणि मग परत येणार, ही कल्पना ऐकायला वेडगळ वाटते. पण मध्यरात्रीच्या सुमारास सगळी विमाने एकाच ठिकाणी उतरली, माल वेगळा झाला आणि पहाटेपूर्वी ती पुन्हा उडाली, तर दुसऱ्या सकाळी कुठलेही पाकीट कुठेही पोहोचते. मित्राच्या गावातून माझ्या गावाकडे त्या संध्याकाळी निघालेली पार्सले बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांच्यासाठी गाडी सोडणे कुणालाच परवडले नसते. पुस्तकांनी लांबचा रस्ता धरला म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी आली. जवळच्या रस्त्याने यायचे असते तर गाडी भरण्याची वाट पाहत ती आठवडाभर पडून राहिली असती.

दर एका मापाने आणि माल दुसऱ्या मापाने जाऊ लागला की काय होते, याचे मला सापडलेले सर्वांत देखणे उदाहरण अमेरिकेतल्या यूटा राज्यातले आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९१३ रोजी सरकारी पार्सल सेवा सुरू झाली आणि तिचे दर टप्प्यांनुसार, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्यातल्या सरळ अंतरानुसार, ठरले. १९१६ मध्ये व्हर्नल नावाच्या आडगावात एक बँक बांधायची होती, आणि तिच्या दर्शनी भागाच्या विटा सॉल्ट लेक सिटीहून यायच्या होत्या. सरळ रेषेत हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. पण डोंगरांमुळे माल कोलोरॅडोपर्यंत रेल्वेने, तिथून अरुंद मार्गाच्या दुसऱ्या रेल्वेने आणि शेवटी घोडागाड्यांनी, असा सहाशे किलोमीटरांहून अधिक फिरून येई. मालवाहतूकदार पूर्ण रस्त्याचे पैसे मागत होते आणि टपाल खाते मात्र नकाशावरच्या रेषेचे. बांधणाऱ्यांनी हजारो विटा पन्नास-पन्नास पौंडांच्या खोक्यांत भरल्या, प्रत्येकावर पत्ता चिकटवला आणि टपालाने पाठवून दिल्या. वाटेतली टपाल कार्यालये विटांनी भरून गेली. अखेर एका पाठवणाऱ्याने एका घेणाऱ्याला दिवसाला दोनशे पौंडांपेक्षा जास्त माल पाठवू नये असा नियम करावा लागला, आणि इमारती टपालाने पाठवणे हा या सेवेचा हेतू नाही, असेही सांगावे लागले. बँक मात्र उभी राहिली.

दुसऱ्या खंडातून आलेले लहान पाकीट शेजारच्या गावातून आलेल्या पाकिटापेक्षा स्वस्त कसे, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर विटांच्या गोष्टीसारखेच, पण जास्त जुने आहे. १८७४ मध्ये बर्न इथे देशोदेशींच्या टपाल खात्यांनी करार करून एक संघटना (आजची जागतिक टपाल संघटना) उभी केली तेव्हा ठरले की तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाने ठेवायचे आणि वाटप करणाऱ्या देशाने फुकट करायचे, कारण प्रत्येक पत्राला उत्तर जाते आणि हिशेब आपोआप फिटतो. लोक एकमेकांना पत्रे लिहीत होते तोवर हे चालले. पण वस्तूला उत्तर जात नाही. १९६९ च्या टोकियो परिषदेत वाटपाच्या मोबदल्याची पद्धत ठरली, तरी विकसनशील देशांसाठी ते दर कमीच राहिले. पुढे ऑनलाइन खरेदी वाढल्यावर चीनमधून निघालेली लाखो लहान पाकिटे त्या सवलतीवर जगभर फिरू लागली. अमेरिकेने २०१८ मध्ये या संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या विशेष परिषदेत तोडगा निघाला, ज्यामुळे देशांना वाटपाचे दर बरेचसे स्वतः ठरवता येऊ लागले. इतकी वर्षे आपण जे स्वस्त समजत होतो त्याचे पैसे कुणीतरी, म्हणजे बहुधा वाटप करणाऱ्या देशाचे टपाल खाते, भरत होतेच.

शेवटच्या टप्प्याबद्दल थोडे. गाडी सकाळी दहाला घरासमोरून जाते, हात करूनही थांबत नाही आणि चार वाजता पार्सल आणून देते, हा अनुभव मला इतक्यांदा आला आहे की मी ते मनाला लावून घेत असे. मग एकदा उघड्या मागच्या दारातून गाडीत डोकावलो. शेवटी द्यायची पार्सले सर्वांत आत होती आणि आधी द्यायची दाराजवळ. माझे कुठेतरी तळाशी, चाळीस खोक्यांच्या मागे. ते काढण्यासाठी अर्धी गाडी रस्त्यावर मांडावी लागली असती. थांब्यांचा क्रम ठरवणे हेही वाटते तेवढे सोपे नाही. फक्त दहा थांबे असतील तर ते ३६,२८,८०० क्रमांनी घेता येतात. पंधरा झाले की ती संख्या तेराशे अब्जांच्या पुढे जाते, आणि वाटपाच्या गाडीला दिवसाला शंभरावर थांबे असू शकतात. सर्वोत्तम क्रम शोधणे संगणकालाही जड जाते, त्यामुळे पुरेसा चांगला क्रम शोधून तो वापरतात. त्यात वेळेची बंधने असतात, आणि काही गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. यूपीएसचे मार्ग शक्यतो समोरची वाहतूक छेदणारे वळण टाळून आखलेले असतात. उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशांत हे वळण डावे असते, डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांत उजवे. त्यामुळे रस्ता थोडा लांबतो, पण चौकात इंजिन चालू ठेवून थांबण्याचे इंधन आणि अपघात, दोन्ही वाचतात.

हे सगळे समजून घेतल्यावर मी जरा शहाणा झालो असे मला वाटत होते. गेल्या शनिवारी बहिणीला लोकरीचे कपडे पाठवायचे होते, वजन दोन किलो. पुस्तकांचे तेच खोके मी जपून ठेवले होते: ३० बाय २५ बाय २०, म्हणजे १५,००० भागिले ५०००, बरोबर तीन किलो. कपडे गुडघ्याने दाबून बसवले, झाकण ओढून टेप लावली आणि हिशेब पाठ करून काउंटरवर गेलो. त्याच माणसाने टेप काढला, बाजू मोजल्या, आणि उंची मोजताना हात झाकणाच्या मधोमध नेला, कारण खोके जिथे सर्वांत उंच असते तिथे मोजायचे असते. दाबलेल्या लोकरीने झाकण वर उचलले होते. बावीस सेंटीमीटर, म्हणजे ३.३ किलो, आणि पुढच्या अर्ध्या किलोला धरून साडेतीन. मी तळहाताने झाकण दाबून धरले. “हात काढा,” तो म्हणाला.